रायफल थकत नाही

स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या गाड्यावरही रायफलच्या गप्पा चालतात. स्वप्निल राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याच्याआधी, २०१० मध्ये, म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. त्यामुळे पोरीनं "मला शूटिंग करायचंय" म्हटलं तर आता घरचे दचकत नाहीत. दचकतात ते किंमत ऐकून.

माझी भाची दहा मीटर एअर रायफल खेळते. क्लबात कुणीतरी वापरून विकलेली परदेशी रायफल तिला दुल्हाभाईंनी हप्त्यानं घेऊन दिली होती. वर्षभर गुण चढत गेले आणि ६११ च्या आसपास येऊन थांबले. साठ गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. राज्य स्पर्धा दोन महिन्यांवर आलेली. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की रायफल जुनी झाली, आता नवी घ्या. नवी म्हणजे दोन-अडीच लाखांच्या पुढची गोष्ट. आपानं पाटल्या काढून सोनाराकडे वजनही करून आणलं.

मी आयुष्यभर आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवलं. मशीन बिघडलंय असं कुणी म्हटलं की आमचा पहिला प्रश्न असतो, मोजलं का? आपाला म्हटलं, सोनं आठ दिवस घरातच ठेव.

हा खेळ किती बारीक आहे, ते आधी सांगतो. दहा मीटरवरच्या निशाण्यात दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. पेलेट ४.५ मिलिमीटरची. तिचा मध्य निशाण्याच्या मध्यापासून पाव-पाव मिलिमीटर सरकला की गुणाचा एक-एक दशांश जातो. पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं सुटते आणि सेकंदाच्या सतराव्या हिश्शात कागदावर पोचते. या एवढ्याशा वेळात आणि एवढ्याशा जागेत रायफलचा दोष कोणता आणि माणसाचा कोणता, हे नुसत्या नजरेनं कळणं शक्य नाही. म्हणून माणसाला बाजूला काढायचं.

तिच्या सरांची परवानगी घेऊन आम्ही क्लबच्या टेबलावर बेंच व्हाइस बसवला. जबड्यांना चामडं लावलं, म्हणजे रायफल घट्ट बसेल पण नळी दाबली जाणार नाही. आधी सगळे स्क्रू तपासले; नळीचे, स्टॉकचे आणि साइटचे. ढिला स्क्रू महिनोन्‌महिने माणसाला छळतो आणि सापडतो पाच मिनिटांत. मग क्रोनोग्राफवर वेग पाहिला. रेग्युलेटर थकला असेल, तर एक गोळी जोरात आणि एक हळू जाते. इथं आकडे जवळजवळ सारखे आले.

मग पेलेट. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे डोक्याचे माप लिहिलेले असतात. प्रत्येक नळीला त्यातलं एखादं जास्त मानवतं, आणि ते कोणतं हे मारून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. पॉइंट टू टूच्या मोठ्या खेळाडूंचंही तेच. एली आणि लापुआ या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यासाठी टेस्ट रेंज ठेवल्या आहेत. तिथं रायफल शिकंजात आवळून एकेका लॉटच्या गोळ्या मारून बघतात आणि जो लॉट जमतो तोच विकत घेतात.

आम्ही तीन डब्यांतल्या दहा-दहा पेलेट मारल्या. निशाणा कुठं लागतोय याला इथं महत्त्व नाही, सगळ्या एकाच भोकातून जातात का एवढंच बघायचं. व्हर्निअर लावला. तिच्या नेहमीच्या डब्याचं भोक बाहेरून बाहेर ६.२ मिलिमीटर, दुसऱ्याचं ६, तिसऱ्याचं ७.४. तिसरा डबा बाद. पहिल्या दोघांत फरक नसल्यासारखाच. हिशेब केला, तर तिच्या नेहमीच्या पेलेटनं ही रायफल सगळ्यात वाईट गोळीलाही १०.६ देऊ शकते. भाचीची सरासरी १०.२ सुद्धा नव्हती.

दुल्हाभाईंच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. पोरीचा चेहरा मात्र उतरला. म्हणाली, "मामू, म्हणजे सगळं माझंच वाईट आहे ना?"

खरं अवघड काम इथून पुढचं होतं. रायफल चांगली निघाली की दोष द्यायला कुणी उरत नाही, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला ते जड जातं. ती खेळ सोडायची गोष्ट करू लागली.

मी तिची वही मागितली. दहा-दहा गोळ्यांच्या सहा सिरीज असतात. एका दिवसाचे आकडे असे: १०३.२, १०३.५, १०२.९, १०१.४, १००.३, ९९.८. मागचे दिवस पाहिले, तिथंही हीच उतरण. तिला म्हटलं, "बेटा, रायफल थकत नाही. पेलेटही थकत नाही. मान थकते, पाठ थकते. पहिल्या तीस गोळ्या तुझ्याच आहेत ना? मग तुला खेळ येतो."

सरांनी तिला रायफल घेऊन उभं केलं आणि बाजूनं बघत राहिले. दीड वर्षात पोरगी दोन इंच वाढली होती. बटप्लेट आणि चीकपीस मात्र होते तिथंच. डोळा साइटच्या भोकासमोर आणायला ती मान पुढं काढून खाली वाकवत होती. अर्धा तास ते निभतं, नंतर नाही. गाल टेकला की डोळा आपोआप भोकासमोर यायला हवा.

एका वेळी एकच बदल करायचा, तीन दिवस मारायचं आणि वहीत लिहायचं, असं ठरलं. आधी बटप्लेट १२ मिलिमीटर मागं. मग चीकपीस ४ मिलिमीटर वर. मग पावलं. निशाणा धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. रिंग बाजूला गेलेली दिसली तर हातानं ओढून आणायची नाही, पाऊल सरकवायचं. दोन-तीन बदल एकदम केले आणि गुण वाढले, तर कशामुळे वाढले ते कळत नाही. कमी झाले, तर त्याहून पंचाईत. पहिल्या आठवड्यात गुण उतरून ६०७ वर आले. शरीर जुनी सवय सोडत होतं. आपा रोज फोन करून विचारायची, पाटल्यांचं काय करू?

त्या दिवसांत भाचीला अभिनव बिंद्राची गोष्ट सांगितली. २००८, बीजिंग. फायनलच्या आधी सरावाची गोळी मारली तर ती दहाच्या जवळपासही नाही. साइट हललेली होती. तो घाबरून स्वतःला दोष देत बसला असता, तर पदक गेलंच होतं. आपली गोळी कशी सुटते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ही चूक आपली नाही, रायफलची आहे, हे त्याला काही मिनिटांत ओळखता आलं. त्यानं साइट सरळ केली आणि फायनलमध्ये १०४.५ मारून सोनं घेतलं. तपासून ठेवण्याचा हा दुसरा फायदा. रायफल निर्दोष असेल तेव्हा ते कळतं, आणि सदोष असेल तेव्हाही.

राज्य स्पर्धेत तिचे ६१६.८ झाले. फायनलच्या आठांत नाव आलं नाही. शेवटची सिरीज १०२.९ होती, आणि घरी आल्यावर तिनं आधी तोच आकडा सांगितला.

ज्यांची मुलं हा खेळ खेळतात त्यांना एवढंच सांगणं आहे. कर्ज काढण्याआधी रायफल व्हाइसमध्ये लावा, दहा पेलेट मारा, भोक मोजा. मग मुलाची वही उघडून सहाही सिरीज वाचा. दर सहा महिन्यांनी मुलाची उंची मोजा आणि बटप्लेट बघा. एवढं करूनही रायफलच सदोष निघाली, तर खुशाल नवी घ्या. आपाच्या पाटल्या सध्या तिच्या हातात आहेत.