वाड्याच्या आत काय होते?

झी मराठीवरची 'रात्रीस खेळ चाले' ही भुताखेतांची मालिका मी आवडीने पाहिली, असे सांगितले की चळवळीतले सहकारी चमकतात. "दादा, दिवसा तुम्ही वस्तीत अंगारे-धुपाऱ्याविरुद्ध बोलता आणि रात्री भुते बघता?" असा सवाल एका तरुण कार्यकर्त्याने मला विहाराच्या दारातच केला. सवाल रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

या मालिकेचे तीन भाग झाले. पहिला भाग फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाला. कोकणातल्या नाईकांच्या वाड्यात घरचा कर्ता पुरुष अण्णा मरतो, मुले-सुना जमतात आणि एकामागून एक विपरीत प्रकार घडू लागतात. दुसरा भाग जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० पर्यंत चालला. त्यात कथा मागे गेली आणि अण्णा जिवंतपणी कसा होता ते दाखवले. तिसरा भाग २०२१ मध्ये आला. त्यात अण्णा आणि शेवंता भूत होऊन वाड्यात परतली. चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आकेरी गावचे आणि बोली मालवणी.

तिन्ही भागांत मला दुसरा सर्वांत आवडला. पहिल्या भागात कोडी फार. आज याच्यावर संशय, उद्या त्याच्यावर. तिसऱ्यात भुतांचा गलबला फार. दुसऱ्याचा पसारा मात्र लहान. अण्णा मरणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे पुढे काय होणार याची घाई नसते. एक घर आतून कसे सडत जाते, एवढेच स्वस्थपणे बघायचे. माधव अभ्यंकरांचा अण्णा दारात आला की घर चिडीचूप होते. शकुंतला नरे यांची माई चुलीपुढे बसून सगळे गिळते. अपूर्वा नेमळेकरांची शेवंता ही दुसऱ्याची बायको. तिला आपण वाईट म्हणायला जातो आणि हळूहळू कळते की तीही त्याच जाळ्यात अडकली आहे. भूत यायला बराच अवकाश असतो. तोवर भीती घालायला माणूस पुरेसा असतो.

माझ्या मुलीला, ती तेव्हा आठवीत होती, मी एक प्रयोग करून दाखवला. भुताचे दृश्य लागले की टीव्हीचा आवाज बंद करायचा. संगीत गेले की भूत गेले. उरतो तो निळा उजेड, थोडा धूर आणि रंगरंगोटी केलेला एक नट. तिला हसू आले. पुढे अण्णा माईवर ओरडतो असे दृश्य लागले तेव्हा तिने आपणहून आवाज बंद केला आणि म्हणाली, "पप्पा, हा आवाजाशिवायपण भीती दाखवतो." मी दहा भाषणांत सांगितले नसते ते पोरीने एका वाक्यात सांगितले.

मालिकेत खटकण्याजोगे नाही असे मी म्हणणार नाही. शाप, चाहूल, अपशकुन यांचा मसाला सढळ हाताने घातला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा महाराष्ट्रात घरोघरी रात्री भूत दाखवताना जबाबदारी हवीच. पण टीव्ही बंद करून प्रबोधन होत नाही. सोबत बसून, बोलत बोलत बघितले तर होते.

आता माझ्या आईविषयी. ती कुडाळकडची. लग्न होऊन घाटकोपरला आली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. तिच्या गावातही असा एक वाडा होता. आमची माणसे त्याच्या अंगणाच्या कडेला उभी राहत. मजुरीचे भात वरून पदरात ओतले जाई. उंबऱ्याच्या आत काय आहे ते तिने कधीच पाहिले नाही. लहानपणी तिला वाटे, आत सगळे सुखच सुख असणार. मालिकेत माईला अण्णाचा मार खाताना पाहिले आणि आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आत ह्यां असां होतां तर!" त्या रात्री ती वाड्यातल्या बाईसाठी रडली. ज्या घराने आपल्याला अंगणात उभे केले, त्या घरातल्या बाईसाठी. मला वाटते, एखाद्या गोष्टीचे मोठेपण यातच असते.

आणि वाडा फक्त कोकणातच असतो असेही नाही. आमच्या चाळीत दोन घरांमध्ये पत्र्याची भिंत आहे. पलीकडचे सगळे ऐकू येते आणि सकाळी कोणीच काही ऐकलेले नसते. दुसरा भाग चालू असताना नळावर बायका माईविषयी बोलू लागल्या. माईचे नाव घेऊन स्वतःचे बोलता येते, हे त्यांच्या ध्यानात आले. एक काकी म्हणाली, "आमच्याकडचा अण्णा अजून जिता आहे." सगळ्या हसल्या आणि मग कोणीच हसेना.

पुढच्या रविवारी महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा वाचून दाखवला. मार खाणाऱ्या बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे, मग ते घर तिच्या नावावर नसले तरी. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. न्यायदंडाधिकारी नवऱ्याला मनाई करू शकतात. १८१ या क्रमांकावर मदत मागता येते. एरवी अशा बैठकीला सात-आठ जणी येत. त्या दिवशी सतरंजी पुरली नाही आणि ती काकी सर्वांत पुढे बसली होती.