न्हाणीतील काळी बुरशी

पावसाळा लागला की चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात न्हाणीच्या टाइल्सच्या सांध्यांत काळी बुरशी धरते. घासली की जाते, पंधरा दिवसांत परत येते. कारण मळ नव्हे, ओल. खिडकी नाही, भिंत वाळत नाही.

काही घरांत अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकतात. माता-भगिनींनो, तसे कदापि करू नका! त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो; बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. आम्ही दार उघडे ठेवून नुसते ब्लीचिंगचे पाणी लावतो, दहा मिनिटांनी धुतो.

शेवटी अंघोळ करणाऱ्याने भिंत पुसायची, मग तो चाकणहून शिफ्ट करून आलेला पुरुष का असेना. अंघोळ सगळ्यांची आणि घासणे एकट्या बाईचे, हा न्याय कुठला?