करंटची भाड्याची गाडी, नॉर्वे आणि आपला कनेरगाव नाका

नॉर्वेहून आल्यापासून पुसेगावात मला डोंगर-धबधब्यांबद्दल कुणी फारसं विचारत नाही. रात्री अकरा वाजता दिसणाऱ्या उजेडाचंही कौतुक दोन दिवसांत संपलं. विचारतात ते गाडीबद्दल. "काका, तिकडं म्हणं तुमी करंटची गाडी भाड्यानं घेतली. मधातच चार्जिंग सरली तं काय करतेत?"

हे विचारणारा आपल्याच गावचा पोरगा आहे. जुनी डिझेलची जीप चालवतो. औंढा, नर्सी, लग्नाची भाडी, पहाटे नांदेड स्टेशन. आता कर्ज काढून करंटची गाडी घ्यावी म्हणतोय. हप्ते त्याला भरायचेत, मला नाही. म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर आणि सगळ्यांसमोरच देतो.

आधी आमचं सांगतो. पुतण्या ओस्लोत नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको गेलो होतो. निघायच्या आधी हिंगोलीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. तिथं गाडी उजव्या बाजूनं चालवायची, ते अर्ध्या दिवसात अंगवळणी पडतं. भाड्याच्या गाड्यांत पेट्रोलची मागायला गेलो तर निवडीला फार नव्हत्या. त्यात नवल नाही. २०२४ साली त्या देशात विकल्या गेलेल्या दर १० नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ९ विजेवरच्या होत्या.

ओस्लो ते बर्गन साधारण साडेचारशे किलोमीटर. आपल्याला पुणे जितकं, तितकंच धरा. वाटेत हार्डांगरविडा नावाचं माळरान लागतं. रस्ता तिथं बाराशे मीटरच्या वर चढतो आणि मग घाटानं थेट समुद्राच्या पातळीला उतरतो. चढताना बॅटरीचे टक्के असे उतरत होते की आमच्या सौ. खिडकीबाहेर बघायचं सोडून नुसत्या काट्याकडं बघत होत्या. उतारावर मात्र गंमत झाली. अशा गाडीचा वेग मोटरच्या जोरावर कमी करता येतो, तेव्हा मोटर उलटी वीज तयार करून बॅटरीत टाकते. वर ४१ टक्के होते, खाली आलो तर ४४! डिझेलच्या टाकीत घाट उतरताना दोन लिटर वाढलेलं कुणी बघितलंय का?

चार्जिंगला दोनदा थांबलो. ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर होतं, पुढं रांगतं, म्हणून तिथले लोक ऐंशीला वायर काढून निघतात. रस्त्यावरची वीज स्वस्त नाही बरं का. युनिटला पाच-सहा क्रोनर, म्हणजे आपले चाळीस-पन्नास रुपये. एका ठिकाणी कंपनीचं ॲप आपला भारतातला मोबाईल नंबर घेईचना. पाऊस, थंडी, आणि आम्ही दोघं खांबासमोर उभे. पुढच्या गावात मशीनला सरळ कार्ड लावलं आणि काम झालं. परका माणूस, परकी गाडी, भाषा येत नाही, तरी वीज मिळाली. युरोपीय संघानं तर एप्रिल २०२४ पासून नियमच केलाय की नवा जलद चार्जर बसवला तर तिथं बँकेचं कार्ड चाललंच पाहिजे.

आता कुणी म्हणेल, श्रीमंत देश आहे, तेलाच्या पैशावर चाललंय. खरंय. स्वतःचं तेल जगाला विकायचं आणि घरी विजेवर फिरायचं, हा विरोधाभास तिथल्या लोकांनाही ठाऊक आहे. पण सुरुवात पैशानं झाली नव्हती. १९८९ मध्ये तिथल्या एका गाजलेल्या बँडचा गायक मॉर्टेन हार्केट आणि पर्यावरण कार्यकर्ता फ्रेडरिक हाउगे यांनी एक विजेवर चालणारी फियाट पांडा आणली आणि टोल भरायला चक्क नकार दिला. पुन्हा पुन्हा दंड झाला, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली. यांचं चालूच. शेवटी १९९७ पासून अशा गाड्यांना टोलमाफी मिळाली.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. एनोव्हा ही तिथली सरकारी संस्था. तिनं २०१५ पासून मुख्य रस्त्यांवर दर ५० किलोमीटरला जलद चार्जर व्हावेत म्हणून अनुदान दिलं. अगदी उत्तरेला फिनमार्क नावाचा प्रांत आहे. वस्ती विरळ, गिऱ्हाईक कमी, कंपन्या तिकडं फिरकेनात. मग तिथल्यासाठी वेगळी मदत दिली. गाड्या वाढल्या की चार्जर बघू, असं म्हटलं नाही.

आपण महाराष्ट्राचे फिनमार्क आहोत.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं म्हटलंय. वाचायला छान. टोलमाफी मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागू झाली, ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर. समृद्धी आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून जातो, तेवढाच आपला संबंध. आपला रस्ता १६१ नंबरचा, अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड. कनेरगाव नाक्यापासून कळमनुरी, बाळापूर करत वारंगा फाट्यापर्यंत २५ च्या हिशेबानं किती चार्जर हवेत, ते बोटांवर मोजता येतं.

त्या पोराचा हिशोब आता मांडा. छोट्या गाडीची ३० युनिटची बॅटरी, वैशाखात एसी लावून दोनशे किलोमीटर गेली तरी खूप. पुसेगाव-नांदेड जाऊन-येऊन त्याच्या पुढं जातं. म्हणजे वाटेत एकदा वीज पाहिजेच, आणि गाडीत ज्याची रेल्वे आहे असा प्रवासी बसलेला असतो. घरी भरायची तर तीन किलोवॅटच्या सॉकेटवर दहा तास. घराचा मंजूर भार एक किलोवॅट असेल तर आधी तोच वाढवून घ्यावा लागतो. रात्री दोन तास लाईट गेली की पहाटेचं भाडं गेलं. पावसाळ्यात डीपी जळाली तर किती दिवस जातात, ते मी इथं लिहायची गरज नाही.

आणि हा धंदा म्हणजे सोन्याची खाण, असंही नाही. हर्ट्झ ही अमेरिकेतली भाड्याच्या गाड्यांची मोठी कंपनी. तिनं २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घ्यायचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२४ मध्ये विजेवरच्या २०,००० गाड्या विकायला काढल्या. दुरुस्ती महाग पडली, जुन्या गाडीची किंमत झपाट्यानं उतरली. ती कंपनी हे सोसू शकते. एका गाडीचा मालक नाही.

त्याला मी सांगितलं, औंढा, नर्सी, हिंगोली एवढ्याच फेऱ्या असतील तर गाडी आज परवडेल, रोज रात्री घरी येऊन भरशील. नांदेडची भाडी धरून कर्ज काढणार असशील तर वर्षभर जीपच चालव. त्याला ते आवडलं नाही. "म्हंजी पुण्याच्या लोकायनंच घ्यावं का?" म्हणाला. याचं उत्तर माझ्याकडं नाही, ते ज्यांच्याकडं मत मागायला येतात त्यांच्याकडं असायला पाहिजे.

तोवर एक काम करू. कनेरगाव नाका ते वारंगा फाटा, तसंच सेनगाव आणि औंढ्याच्या रस्त्यावर कुठं चार्जर दिसला तर जागा खाली कमेंटमध्ये टाका. फोटो टाका. तो खरंच चालू होता का, पैसे ॲपनंच घेतले की यूपीआय चाललं, हेही लिहा. यादी झाली की पालकमंत्र्यांना निवेदन देऊ. सोबत कोण येणार तेही सांगा.