वीस मिनिटं बोटीनं

कामासाठी बाहेरगावी जायचं तर हॉटेलची आपली लिस्ट ठरलेली. ऑफिसजवळ, एसी, वाय-फाय, ब्रेकफास्ट फ्री. मग सकाळी पडदा सरकवेपर्यंत आपण इंदूरला आहोत की हैदराबादला, हेही कळत नाही!

कोचीच्या असाइनमेंटला मी हट्टानं उलटं केलं. मीटिंग्ज सगळ्या एर्नाकुलमच्या एम. जी. रोडवर आणि मी राहिले पाण्यापलीकडे, फोर्ट कोचीत. कौलारू जुनं घर, सहा खोल्या, मधोमध अंगण, लिफ्ट नाही. 'रोज अप-डाउन करणार?' मित्रांनी वेड्यात काढलं. अरे, अंधेरी-चर्चगेट करणाऱ्या मुलीला वीस मिनिटांच्या बोटीची भीती दाखवता? सरकारी बोटीचं तिकीट चहापेक्षा स्वस्त, वारा फुकट. 2024 पासून एसी वॉटर मेट्रोही इथवर येते. पण मी जुन्या बोटीच्या प्रेमात!

मीटिंग अकराची, त्यामुळे सकाळ माझी. चिनी जाळी पाण्यातून वर येताना बघायची. दोरांना बांधलेले दगड आणि पाच-सहा माणसं मिळून ती अवाढव्य जाळी उचलतात. पुढे सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला, त्याला आधी इथंच पुरलं होतं. शाळेत पाठ केलेला माणूस असा चपला काढून बघायचा म्हणजे सहीच!

पण खरी गंमत हॉटेलात होती. दुसऱ्या रात्री आईशी फोनवर बोलत होते, तर साठीच्या मालकीणबाईंनी मागून विचारलं, "जेवण जालें?" कोकणीत! सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून गोव्याहून इथं आलेल्या कुटुंबांपैकी त्यांचं एक. चारशे वर्षांहून जास्त काळ घरात ही भाषा टिकलीय.

फ्रीलान्सिंगमध्ये मला रोज विचारतात, 'कॉपी कधी देतेस?' जेवलीस का, हे फक्त आई विचारते, तेही फोनवर. त्या रात्री दुसऱ्यांदा जेवले.

मग गप्पा. दोन्ही मुलं परदेशात. घर विकायला लागू नये म्हणून खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. पावसाळ्यात कौलं बदलायची, तर सीझनची कमाई त्यातच जाते. घर विकत घ्यायला माणसं येऊन गेलीत. "यंदा नाही म्हटलं," त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षाचं काही बोलल्या नाहीत.

निघताना हातानं लिहिलेलं बिल मिळालं. क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांनी त्यावरून दोन मेल्स पाठवले. पाठवू देत. एम. जी. रोडवरच्या काचेच्या हॉटेलला माझ्या तीन रात्रींनी काही फरक पडला नसता. इथं सहातली एक खोली भरली होती.

तुमच्या पुढच्या टूरला, बॉस, शहराच्या मधोमध बुकिंग करण्याआधी जरा कडेला बघा. वीस मिनिटं लांब असं एखादं घर असेल. ते आहे तोवर जाऊन या.