वाह बंद व्हायचा कधी?

वाह चालू कसा करायचा हे कुणीही सांगेल. पेडलवर पाय ठेवायचा, पुढेमागे करायचा, झालं. गाडं अडतं ते बंद करताना. गेले तीन वीकएंड मी ह्या एकाच गोष्टीत घालवलेत आणि घरचे आता काळजीत आहेत. तेव्हा निदान लिहून तरी टाकतो :-)

ज्यांना वाह माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'वा-आ-व' म्हणताना आपले ओठ उघडतात-मिटतात, तेच काम इथे एक फिल्टर करतो. टाच दाबलेली असताना साधारण चारशे हर्ट्झच्या आसपासचा भाग उचलला जातो, चवडा दाबत गेलं की तो उंचवटा दोन हजारांच्या आसपास सरकतो. १९६६ साली अमेरिकेत थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा इंजिनिअर व्हॉक्सच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला एक महाग स्विच काढून तिथे स्वस्तातला पोटेन्शिओमीटर बसतो का ते बघत होता, त्यातून हे निघालं. (कॉस्ट कटिंगमधून काहीतरी चांगलं निघाल्याचं मला ठाऊक असलेलं हे एकमेव उदाहरण.) हेंड्रिक्सच्या १९६८ च्या 'व्हूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)'ची सुरुवात ऐका, बाकी सांगायची गरज नाही.

जुन्या पेडलमध्ये चालू-बंदचं बटण चवड्याखाली असतं. म्हणजे बंद करायच्या आधी आवाज सगळ्यात तीक्ष्ण टोकापर्यंत न्यावाच लागतो. हळुवार शेवट करायचाय आणि जाता जाता एक किंकाळी! शिवाय ते बटण चांगलंच घट्ट असतं. बुटाने ठीक आहे. मी मात्र हे वाजवणार तोंडवलीच्या देवळात, सप्त्याला, आणि तिथे चपला बाहेर. अनवाणी पायाने ते बटण चार वेळा दाबून बघा.

सप्त्यात गिटार? हो, भुवया उंचावून झाल्या आहेत. त्याचं कारण माझे काका. ते कित्येक वर्षं दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवायचे, रात्र रात्र. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा हाताच्या पेटीवर आले. आता बोटंही सलग चालत नाहीत. आमच्या वाडीची पाळी असते तेव्हा मधे दहा-पंधरा मिनिटं त्यांना पेटी सोडावी लागते. तेवढ्या वेळात सूर धरून ठेवायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलंय. नाम अखंड चालायला हवं, त्यात मागचा सूर मधेच तुटणं म्हणजे फारच ओशाळं प्रकरण. वाह त्यांना आवडतो, कारण गिटार 'माणसासारखा बोलता'.

तर बटण नको. मग पाय स्वतःच बटण झाला पाहिजे. ही कल्पना डिजिटलच्याही आधीची. मोर्लीच्या स्टीव्ह वाय याच्या नावाच्या 'बॅड हॉर्सी' पेडलला स्प्रिंग आहे: पाय ठेवला की वाह चालू, उचलला की पेडल आपोआप टाचेकडे येतं आणि वाह बंद. डिजिटल रिग आल्यावर हेच सॉफ्टवेअरमध्ये गेलं आणि तिथे पर्याय फुटले. केम्परमध्ये पेडल थांबलं की बंद, टाचेला आलं की बंद, किंवा चवड्याला गेलं की बंद, यातलं एक निवडायचं. फ्रॅक्टलच्या ॲक्स-एफएक्समध्ये पेडलच्या वेगावर किंवा जागेवर ठरवता येतं, वर स्लो, मीडियम, फास्ट. लाइन ६ च्या हेलिक्समध्ये पेडल किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर आणि तिथे किती मिलिसेकंद राहिल्यावर बंद करायचं, हे दोन आकडे द्यायचे.

नीट बघितलं तर सगळ्यांचं काम एकच आहे: ह्या माणसाचं वाजवून झालं का, याचा अंदाज बांधणं. यंत्राला माझं मन दिसत नाही, दिसतो फक्त पेडलचा आकडा. आपल्या धंद्यात याला सेशन टाइमआउट म्हणतात. नेटबँकिंगचा लांबलचक फॉर्म भरताना शेवटच्या रकान्यात लॉगआउट झालेल्या कुणालाही ही यातना समजावून सांगायला नको.

'थांबलं की बंद' हा पर्याय मी पहिल्याच दिवशी बाद केला. पेडल मधेच कुठेतरी थांबवून ठेवायचं, आणि त्या नाकातल्या आवाजात वाजवत राहायचं, ही एक जुनी आणि झकास युक्ती आहे (मायकेल शेंकर ऐका). थांबणं म्हणजे संपणं असं धरलं की ती गेलीच. मग उरली टाच आणि वेळ.

आता हिशोब. मिनिटाला १०० ठोक्यांची लय असेल तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. ठोक्याला एकदा पाय पुढेमागे केला तर टाचेच्या टोकाला तो शंभर-दीडशे मिलिसेकंद असतो. वेट ३०० ठेवला की मस्त चालतं. पण भजनाचा गजर शंभरवर सुरू होत नाही. सुरुवातीला पन्नासच्या आसपास रेंगाळतो, म्हणजे ठोका १२०० चा, आणि पाय टाचेवर निवांत तीन-साडेतीनशे मिलिसेकंद टेकतो. यंत्राला वाटतं, झालं यांचं! फट्‌कन वाह बंद, उघडी गिटार कानावर आपटते आणि पुढच्याच क्षणी पाय हलला की परत चालू. पडवीत सराव करत होतो तेव्हा काकांनी आतून विचारलं, "झिला, आवाज मधीच खंय गेलो?"

मी त्यांना वेट, टक्के वगैरे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ह्येका कसा कळता, तुझा वाजवून झाला ता?"

वेट ७०० केला तर सुरुवात सुधारते. पण गजर चढला की मी पाय उचलल्यानंतरही वाह दोनेक ठोके तसाच टाचेत अडकून राहतो, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. सध्या दोन सेटिंग ठेवलीत, संथ आणि चढती, आणि मधे एक स्विच दाबायचा. म्हणजे शेवटी बटण आलंच!

त्यात तोंडवलीची हवा. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. खारट दमट हवेत पेडलमधला पोटेन्शिओमीटर खराब होत जातो. साध्या वाहमध्ये त्याची खरखर ऐकू येते. डिजिटलमध्ये ऐकू काही येत नाही, पण पाय स्थिर असताना आकडा ४, ६, ५, ७ असा नाचत राहतो. मर्यादा ५ टक्के असेल तर काय होणार ते ओळखा. खरं तर चालू व्हायची मर्यादा वेगळी आणि बंद व्हायची वेगळी हवी, ८ ला चालू, ४ ला बंद. फ्रिजच्या थर्मोस्टॅटला हे कळतं. माझ्या रिगमध्ये ती सोय नाही (कंपनीचं नाव जाऊ दे). मर्यादा १० वर नेली आणि पेडल पुन्हा कॅलिब्रेट केलं, तेव्हा ते शांत झालं.

उरला तो फटका. तो काकांच्या पायपेटीवरून सुचला. "पाय थांबलो तरी भात्यात वारो उरता," असं ते सांगत होते, त्या उरलेल्या वाऱ्यात ते शेवटचा सूर निजवायचे. म्हणून मी वाह बंद करणंच सोडून दिलं. ब्लॉक कायम चालू, आणि त्याच पेडलला वाहचं मिक्सही जोडलं: टाचेला शून्य, आणि पेडलच्या पहिल्या पंधरा टक्क्यांत भरभर शंभरपर्यंत. आता बंद व्हायचा क्षण असा राहतच नाही, पाय मागे येईल तसा वाह विरत जातो. अंदाज नाही, टाइमआउट नाही, दोन सेटिंगही नाहीत. फुकट मात्र काही नाही. फिल्टरमधून जाताना आवाजाची फेज सरकते, त्यामुळे अर्ध्या मिक्सवर साधा आवाज आणि वाह एकमेकांना थोडे खातात, आणि तेवढ्या पट्ट्यात सूर पोकळ होतो. हेडफोनवर ते जाणवतं. टाळ-मृदंगात जाणवेल का, ते सप्त्यातच कळेल.

काल काकांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, पूर्ण गजर. म्हणाले, "बरा आसा. पण अजून घाई करता."

पंधराचे वीस टक्के केलेत. आज संध्याकाळी परत ऐकवतो.