वीस बोंडं

यवतमाळ जिल्ह्यात कीड सर्वेक्षक म्हणून लागलो, तेव्हा नातेवाइकांना वाटलं, पोरगा साहेब झाला. काम म्हणाल तर कपाशीच्या तासांतून वाकून फिरायचं, पानं उलटून बघायची, किडी मोजायच्या आणि आकडे मोबाइलवर भरायचे.

सगळ्यात जास्त दमवते ती गुलाबी बोंडअळी. २०१७ साली तिने बीटी कपाशीची जी दैना केली, ती इथे कुणाला सांगावी लागत नाही. फुलात असली तर पाकळ्या गुंडाळून डोमकळी करते, निदान संशय येतो. बोंडात मात्र ती बारीक असतानाच शिरते, मागे भोक बुजतं आणि वरून बोंड हिरवंगार. म्हणून शेतात आडवंतिडवं फिरून वीस बोंडं तोडायची, फोडायची. दोनांत अळी निघाली की दहा टक्के. फवारणीची वेळ आली. कामगंध सापळ्याचा हिशेब वेगळा : सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ पतंग. तेही नुसते नर. एकरी दोन सापळे टांगून अळी संपत नाही, ती आल्याची वर्दी तेवढी मिळते.

एका काकांच्या वावरात मी बोंडं फोडायला घेतली, तसा त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. “अळीनं ठेवलं, थे तू संपवतं का?” एका बोंडात पिवळट पडलेल्या रुईत अळी वळवळत होती, डोकं काळसर, अंगावर गुलाबी छटा नुकती चढलेली. बाकी एकोणीस स्वच्छ. “काका, आज फवारू नका,” मी म्हणालो. त्यांना ते मुळीच पटलं नाही. उधारीवर आणलेली बाटली घरात येऊन पडली होती ना! औषधाचं नाव सांगणाऱ्याला गावात मान असतो. थांबा म्हणणाऱ्याला लोक बिनकामाचा समजतात. पुढच्या खेपेला त्याच वावरात वीसपैकी तीन बोंडांत अळ्या निघाल्या, तेव्हा फवारा म्हणून मीच सांगितलं.

पाणी आहे म्हणून हंगाम संपल्यावरही कपाशी तशीच राखून फरदड ठेवणाऱ्यांशी मात्र माझं अजून जमत नाही. एका फरदडीवर पोसलेली अळी पुढच्या हंगामात साऱ्या शिवाराला भोवते. तेव्हा बाप्पा, डिसेंबर संपायच्या आत वावरातली पऱ्हाटी उपटा.