ओढण्याआधी

मेंढी अडली की माणसं आधी कोकराच्या पायाला हात घालतात. दिसला पाय की धरायचा आणि ओढायचा. फलटणच्या आसपासच्या वस्त्यांवरून "वहिनी, जरा या लवकर" असं बोलावणं येतं, तोवर बऱ्याचदा कुणीतरी दोन-चार हिसके देऊन बसलेलं असतं. मेंढी दमलेली, बाहेर लोंबणारा पाय सुजून टम्म. हे काम ताकदीनं ओढण्याचं आहे असं ज्याला वाटतं, त्यानं यात पडू नये. निम्मं काम थांबण्याचं आहे. उरलेल्यातलं बरंचसं आत ढकलण्याचं.

मेंढी कळपातून बाजूला होते, पायानं माती उकरते, बसते-उठते, मागं वळून जमीन हुंगते. हे दोन-तीन तास चाललं तरी घाबरायचं कारण नसतं. पाण्याची पिशवी फुटली आणि ती जोरानं कळा द्यायला लागली की मात्र घड्याळ बघायचं. अर्ध्या-पाऊण तासात पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं, तर खुशाल बाहेर जाऊन चहा प्यावा. तिला आपली गरज नाही. काहीच दिसलं नाही, किंवा एकटा पाय, नुसतं डोकं, नुसती शेपटी दिसली, तर हात घालावा लागतो.

माझा हात लहान आहे. या कामात त्याहून मोठं भांडवल नाही. बांगड्या उतरवायच्या, मागं सारून भागत नाही. नखं कापायची, कोपरापर्यंत साबणानं धुवायचं, लांब हातमोजा चढवायचा. सासूबाई गोडंतेल लावायच्या, मी लिक्विड पॅराफिन वापरते. बोटं टोकाशी जुळवून हात निमुळता करायचा आणि कळ ओसरली की आत सरकवायचा. कळ चालू असताना हात हलवायचा नाही. गर्भाची पिशवी इतकी आवळते की बोटांना मुंग्या येतात.

आत गेल्यावर डोळ्यांचा उपयोग नसतो. मी तर ते मिटूनच घेते. पोत्यात कोंबलेल्या ओल्या कपड्यांत एकच बाही शोधावी, तसं ते काम. हाताला लागला तो पाय पुढचा की मागचा? खुरापासून वर जात राहायचं. पहिले दोन सांधे एकाच बाजूला वाकले तर पुढचा. एक इकडं, दुसरा तिकडं वाकला आणि वरच्या सांध्याचं टोक बोटाला टोचलं, तर मागचा. मग दुसरा प्रश्न, आणि हा जास्त फसवतो: हातात आलेले दोन्ही पाय एकाच कोकराचे का? पायावरून खांद्याला, खांद्यावरून छातीला वळसा घालून पलीकडच्या पायावर, बोट न उचलता यायचं. मध्ये बोट सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. जुळ्यांत एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा असे पाय सहज हाती येतात. ते जोडीनं ओढले की दोन्ही कोकरं एकदमच दाराशी येऊन रुततात.

सासूबाईंना हा प्रश्न क्वचितच पडला असेल. त्यांच्या दख्खनी मेंढ्या बहुतेक एकेकच कोकरू द्यायच्या. 1990च्या दशकात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गॅरोल मेंढ्या आणून दख्खनीशी संकर सुरू केला. गॅरोल अंगानं एवढीशी, पण तिच्यात फेकबी नावाचं जनुक असतं. त्यामुळं एका माजात एकाहून जास्त बीजं सुटतात. त्यातून पुढं 'नारी सुवर्णा' तयार झाली: बांधा दख्खनीचा, कोकरं मात्र बऱ्याचदा दोन. (ऑस्ट्रेलियातल्या बूरुला मेरिनोमध्येही हेच जनुक आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांनी ते तिकडं नेलं, असं मानतात. आमच्या गोठ्यातल्या गुंत्याला एवढा जुना प्रवास आहे.) माझ्याकडं आता बहुतेक याच रक्ताच्या मेंढ्या आहेत. विकायला कोकरं वाढली, तशी रात्रीची जागरणंही.

तर ढकलणं. बाहेरच्या वाटेत जागाच नसते. जे सरळ करायचं ते आत, पिशवीत, मोकळ्या जागेत. एक पाय मागं राहिला असेल तर बाहेर आलेल्या पायाला मऊ दोरीचा फास लावून ठेवायचा, म्हणजे तो हरवत नाही. मग दोन कळांच्या मधल्या उसंतीत कोकराला छातीवर तळवा ठेवून मागं रेटायचं, अडकलेला गुडघा आधी वर घ्यायचा आणि खूर मुठीत झाकून पुढं आणायचा. खूर उघडा ठेवला तर तो पिशवी फाडतो. मान मागं वळलेली असेल तर काम चिवट होतं. नाकाडाला हात पोचेपर्यंत रेटत राहावं लागतं आणि मध्येच कळ आली की सगळं मुकाट सोडून थांबायचं. जबडा धरून डोकं ओढू नये, तो मोडतो. दोरी कानांमागून घ्यावी. शेपटीच पुढं आली असेल तर ढुंगण आत लोटून एकेक मागचा पाय तसाच खूर झाकून वर काढायचा आणि कोकरू तसंच मागून घ्यायचं. आत फिरवायच्या भानगडीत पडायचं नाही. इथं मात्र कंबर सुटली की रेंगाळून चालत नाही. नाळ दबते आणि डोकं आत असतानाच कोकरू पहिला श्वास घेतं. एरवीचं ओढणं कळेबरोबर, कासेच्या दिशेनं, खाली.

कोकरू आलं की नाकातोंडातला चिकटा पुसायचा, नाकात गवताची काडी फिरवायची, गोणपाटानं चोळायचं आणि आईच्या तोंडापुढं ठेवायचं. चाटायचं काम तिचं. आपण हात पुन्हा आत घालून दुसरं आहे का बघायचं. नाळेला आयोडीन, आणि तासाभरात चीक. तीन किलोच्या कोकराला एका वेळी दीडशे मिलिलिटर तरी.

अडण्याची सुरुवात मात्र खूप आधी, चाऱ्यात होते. गर्भाची सुमारे सत्तर टक्के वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या दिवसांत जुळ्यांची आई उपाशी राहिली तर कळा द्यायला तिच्यात जोरच उरत नाही. घोड्यावर कोकरं लादून मुलूख तुडवणाऱ्या धनगरांच्या वाड्याला एकेक कोकरू देणारी दख्खनीच बरी, असं माझं मत आहे. जुळी त्यानं पाळावीत, ज्याच्या दारात भरडा आणि हिरवा चारा आहे.

पिशवीचं तोंड दोन बोटांपलीकडं उघडत नसेल, कोकरू आत कुजून वास येत असेल, किंवा अर्ध्या तासाच्या खटपटीनं काही हललं नसेल, तर तो माझा प्रांत नाही. तिथं डॉक्टरच हवा. जार आणि पाणी उघड्या हातानं हाताळू नका, त्यातून माणसाला ब्रुसेलोसिस होतो. घरात गरोदर बाई असेल तर तिला या कामापासून लांबच ठेवा. जार खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा नंबर आहे. पाणी फुटून किती वेळ झाला आणि बाहेर काय दिसतंय, हे दोन्ही फोनवरच सांगा.